वराहपालन: पुणे परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरूर, दौंड, हवेली, मुळशी, पुरंदर या भागांतून वराहपालनाबद्दल विचारणा होत असते. कुणी नोकरी सोडून शेतीकडे वळलेला असतो, कुणाच्या घरात हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. रोज शेडवर काम करताना जे अनुभवाला आलं आणि पशुवैद्यकांकडून जे शिकायला मिळालं, त्यातून ही उत्तरं दिली आहेत.

तुमचं शेड बघायला येऊ का?

जरूर या, पण बघायचं ते कुंपणाबाहेरून. दुसऱ्याच्या शेडवर जाऊन आलेला माणूस, त्याची चप्पल, त्याच्या गाडीची चाकं यांतून रोग आत येतो. डुकराचं आरोग्य औषधाच्या बाटलीपेक्षा गेटवर जास्त सांभाळलं जातं, हे माझं ठाम मत आहे. आत काम करणाऱ्यांसाठी वेगळे गमबूट आणि वेगळे कपडे ठेवा. दारात जंतुनाशकाचं पायधुणं असू द्या. ते पाणी रोज बदला, आणि बुटाला लागलेलं शेण आधी ब्रशनं घासून काढा. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक काम करत नाही.

डुक्कर घाणीतच राहतं, मग पक्क्या शेडवर खर्च कशाला?

डुकराला मोकळीक मिळाली तर ते झोपायची जागा कोरडी ठेवतं आणि हगायला एकच कोपरा धरतं. चिखलात लोळतं ते उष्म्यामुळे. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून ओली माती अंगाला लावून ते गार होतं. पाणी शिंपडायची सोय केली की चिखलाची गरज उरत नाही. पिल्लं कप्प्यात सोडण्याआधी जो कोपरा तुम्हाला घाणीसाठी हवा आहे तो ओला करून ठेवा आणि झोपायच्या जागी कोरडा भुसा पसरा. एक-दोन दिवसांत सगळी पिल्लं तोच कोपरा धरतात.

शेडची मापं काय ठेवावीत?

वाढत्या डुकराला प्रत्येकी १० ते १५ चौरस फूट, नराला ६५ ते ७५ आणि पिल्लं असलेल्या मादीला ८० ते १०० चौरस फूट जागा लागते. कोबा करा, पण गुळगुळीत नको. पाय घसरून सांधे निखळतात. पाणी साचणार नाही इतका उतार द्या. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचं ऊन आत येत नाही. विण्याच्या कप्प्यात भिंतीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून वीतभर वर लोखंडी पाइप फिरवा. मादी भिंतीला टेकून खाली बसते तेव्हा पिल्लू त्या फटीत सरकतं आणि वाचतं. पहिल्या आठवड्यात मरणाऱ्या पिल्लांपैकी बरीच आईच्या अंगाखाली चिरडून मरतात. या पाइपाच्या खर्चात काटकसर करू नका.

जात कोणती घ्यावी?

आपल्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर सर्वात जास्त दिसते. मादी भरपूर पिल्लं देते आणि सांभाळतेही चांगली. लँड्रेस लांब अंगाची असते. मांसासाठी ड्युरॉक नराचा संकर चांगला वाढतो. पांढऱ्या कातडीला उन्हाचे चटके बसतात, त्यामुळे सावली हवीच. पण जातीपेक्षा जनावर कुठून आणता ते महत्त्वाचं. आठवडी बाजारातून किंवा दहा ठिकाणची पिल्लं गोळा करणाऱ्याकडून घेऊ नका. एकाच, लसीकरणाची नोंद दाखवणाऱ्या फार्मवरून घ्या. आणलेलं जनावर मुख्य शेडपासून दूर निदान ३० दिवस वेगळं ठेवा, आणि रोज त्याचं काम सगळ्यात शेवटी करा.

सुरुवात किती जनावरांपासून करावी?

आधी दूध तुटलेली थोडी पिल्लं आणून एक बॅच वाढवून विका. खाद्य, पाणी, वास, विक्री या सगळ्याचा अंदाज त्या एका बॅचमध्ये येतो. मग तीन-चार माद्या आणि एक नर घ्या. कर्ज मंजूर झालंय म्हणून पहिल्याच वर्षी मोठं शेड भरणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते.

हॉटेलचं उरलेलं अन्न फुकट मिळतं. ते घालायला काय हरकत आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यावरच सगळ्यात जास्त वाद होतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या आसपास हॉटेलं, खाणावळी, मंगल कार्यालयं आणि कंपन्यांची कँटीन ढिगानं आहेत. पिंप भरून अन्न रोज मिळतं. या अन्नावर घर चालवणारी कुटुंबं आहेत आणि त्यांची अडचण मला कळते. विकतचं खाद्य सगळ्यांना परवडत नाही.

पण त्या पिंपात काय काय येतं ते एकदा रिकामं करून बघा. प्लॅस्टिकचे चमचे, टूथपिक, लिंबाच्या साली, हाडं, कच्च्या मांसाचे तुकडे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या साथरोगाचा विषाणू कच्च्या, खारवलेल्या किंवा गोठवलेल्या डुकराच्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो. कुठल्या तरी ताटातला सॉसेजचा तुकडा तुमच्या गव्हाणीत पडला की पूर्ण कळप जाऊ शकतो. शिवाय आज नुसता भात, उद्या नुसता मैदा, परवा खारट लोणच्याचं पाणी, असं खाल्लेलं डुक्कर सुटतं पण मांस धरत नाही, आणि त्याचा जुलाब बंद होत नाही.

तुमच्या भागात या रोगाची साथ असेल तर खरकटं पूर्ण बंद करा, त्यात सूट नाही. एरवी घालायचंच असेल तर मांस-मासळीचं अन्न येणार नाही अशी शाकाहारी कँटीन निवडा, प्लॅस्टिक आणि हाडं वेचून काढा आणि पूर्ण उकळी आल्यावर किमान अर्धा तास ढवळत शिजवा. नुसतं वरून गरम केलेलं पिंप आतून थंडच असतं. कच्चं अन्न आणि शिजवलेलं अन्न यांची भांडी वेगळी ठेवा. सोबत सोयापेंड आणि खनिज मिश्रण द्या, कारण खरकट्यात प्रथिनं कमी पडतात.

मग चांगलं खाद्य कसं बनवायचं?

मक्याचा भरडा, सोयापेंड, गव्हाचा कोंडा, तांदळाचं पॉलिश, खनिज मिश्रण आणि मीठ. लहान पिल्लांच्या खाद्यात २० ते २२ टक्के प्रथिनं हवीत, वाढत्या डुकरांच्या १६ ते १८ आणि विक्रीच्या आधी १४ ते १६ टक्के. बुरशी लागलेला मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. गाभण मादी त्यानं गाभडते. पावसाळ्यात पोती भिंतीला न टेकवता फळीवर ठेवा.

हिशेब असा करा. एक किलो वजन वाढायला साधारण साडेतीन किलो खाद्य लागतं असं धरलं तर २० किलोचं पिल्लू ९० किलोचं करायला २४५ किलो खाद्य लागेल. त्याला तुमच्या गावातला भाव लावा आणि जिवंत वजनाच्या दराशी ताडून बघा. एकूण खर्चातला जवळपास दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग खाद्याचा असतो. लसूणघास, रताळ्याचे वेल, कोबीचा पाला जोडीला चालतो, विशेषतः माद्यांना. निव्वळ पाल्यावर डुक्कर वाढत नाही, ते गाय-म्हशीसारखं रवंथ करत नाही.

पाणी किती लागतं?

मोठ्या डुकराला दिवसाला ८ ते १० लिटर आणि दूध पाजणाऱ्या मादीला २० ते ३० लिटर. धुण्याचं पाणी वेगळं. पुरंदर, दौंड, शिरूरच्या कोरड्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात, तेव्हा पिण्याच्या पाण्यात कधीही कपात करू नका. पाणी तुटलं आणि खाद्यात मीठ नेहमीइतकंच राहिलं तर मिठाची विषबाधा होते. डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहतं, मग झटके येतात. अशा वेळी एकदम पोटभर पाणी पाजलं तर ते आणखी बिघडतं. थोडं थोडं द्या आणि डॉक्टरांना बोलवा. शेतीपंपाची वीज रात्री येते तिथे टाकी भरून ठेवण्याची जबाबदारी ठरलेल्या एका माणसावर असू द्या.

एप्रिल-मेमध्ये डुकरं धापा टाकतात. काय करावं?

पारा चाळिशीकडे गेला की मोठ्या डुकरांना धोका असतो. छतावर उसाचं पाचट किंवा पांढरा चुना, बाजूंना ओली गोणपाटं, दुपारी ११ ते ४ दरम्यान अधूनमधून पाण्याचा फवारा. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. गाभण मादी आणि जड नर यांना भर दुपारी हलवू नका, गाडीत भरू नका. एखादं कोसळलंच तर बर्फाचं पाणी एकदम ओतू नका. सावलीत घ्या, कान, मान, पाय साध्या पाण्यानं ओले करत राहा, वारा घाला.

आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. उष्म्याचा तडाखा बसलेल्या नराचं वीर्य पुढचे महिना-दीड महिना कमकुवत राहतं. जून-जुलैत माद्या उलटू लागल्या, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येऊ लागल्या, की दोष मादीला दिला जातो. खरं कारण मे महिन्यात असतं.

मादी माजावर आलेली कशी ओळखायची?

माज दर २१ दिवसांनी येतो आणि दोन-तीन दिवस टिकतो. योनी सुजून लाल होते, खाणं कमी होतं, इतरांवर चढते. खात्री करायची तर पाठीवर दोन्ही हातांनी दाब द्या. ती कान टवकारून दगडासारखी उभी राहिली की वेळ आली. तेव्हापासून १२ तासांच्या अंतरानं दोनदा नर दाखवा. आठ महिन्यांच्या आत आणि ९० किलोच्या आत मादी भरवू नका. तारीख भिंतीवर खडूनं नाही, वहीत लिहा, कारण सगळा पुढचा हिशेब त्या तारखेवर आहे: ११४ दिवस, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस.

विण्याच्या रात्री नेमकं काय करायचं?

विण्याच्या आठवडाभर आधी मादीला धुवून स्वच्छ कप्प्यात आणा, आणि जंतनाशक त्याआधीच दिलेलं असू द्या. सडातून दूध चिळकांडी मारून येऊ लागलं की साधारण दिवसभरात ती विते. ती तोंडानं भुसा गोळा करू लागते, उठते, बसते, पुन्हा उठते. आता कप्प्यात गर्दी नको, मोठा आवाज नको, कुत्रा जवळ नको.

पिल्लू बाहेर आलं की कोरड्या फडक्यानं आधी नाक-तोंड पुसा, मग अंग. नाळ पोटापासून दोन बोटं अंतरावर उकळलेल्या दोऱ्यानं बांधा, पुढे कापा, टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. लगेच सडाला लावा. डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि पहिल्या २४ तासांनंतर आतडी ती शोषून घेत नाहीत. म्हणून जे पिल्लू मागे पडतंय त्याला हातानं धरून पुढच्या सडांवर लावा. तिथे दूध जास्त असतं. दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लाचं सड ठरून जातं, मग ते बदलत नाही.

पिल्लं १ ते दीड किलोची, अंगावर चरबी नसलेली असतात. त्यांना पहिले काही दिवस ३२ ते ३४ अंश सेल्सिअस ऊब लागते, आईला मात्र त्यानं गुदमरायला होतं. म्हणून कोपऱ्यात खोका करून बल्ब लावा आणि थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. एकावर एक रास करून पडली असतील तर थंडी वाजतेय. बल्बपासून लांब पांगली असतील तर उष्णता जास्त आहे. शेजारी-शेजारी आडवी पसरली असतील तर बरोबर आहे. मावळ-मुळशीकडे डिसेंबरच्या रात्री फार गार असतात. वीज गेल्यावर काय, याची तयारी आधी करा.

दोन पिल्लांमध्ये बराच वेळ गेला आणि मादी कळा देऊन दमली तर स्वतः हात घालू नका, डॉक्टरांना फोन करा. वार पडली की उचलून खोल पुरा. दुसऱ्या दिवशी मादी पोटावर झोपून सड लपवत असेल, खात नसेल, ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर असेल, तर कासेला किंवा गर्भाशयाला सूज आहे. त्याच दिवशी उपचार हवा, नाहीतर पिल्लं उपाशी मरतात.

तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन का देतात? आईचं दूध पुरत नाही का?

पिल्लाला रोज साधारण ७ मिलिग्रॅम लोह लागतं आणि आईच्या दुधातून जेमतेम १ मिलिग्रॅम मिळतं. मोकळ्या मातीत फिरणारी पिल्लं मातीतून थोडं मिळवतात, कोब्यावरच्या पिल्लांना तोही मार्ग नाही. ती पांढुरकी पडतात, धाप लागते आणि सर्वात जोमदार दिसणारं पिल्लूच अचानक मरतं, कारण त्याची वाढ सर्वात वेगानं होत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्यानं मानेत इंजेक्शन द्या.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर पुण्यापर्यंत येईल का? औषध आहे का?

भारतात हा रोग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात पहिल्यांदा नोंदला गेला आणि त्यानंतर देशाच्या इतर भागांतही पसरला. जनावरांची आणि मांसाची वाहतूक जिथे जिथे जाते तिथे तो पोचू शकतो, म्हणून कुठलाही जिल्हा स्वतःला लांब समजू नये. औषध नाही, आणि आपल्याकडे वापरायला लसही नाही. माणसाला हा रोग होत नाही.

तीव्र ताप, खाणं बंद, कान-पोट-मांड्यांवर लाल-जांभळे डाग, रक्ताचा जुलाब आणि एकापाठोपाठ एक मरण. साधा (क्लासिकल) स्वाइन फीव्हर हा वेगळा रोग आहे, पण तोही दिसायला असाच असतो. डोळ्यांनी फरक कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, देशपातळीवरची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग संस्थेत होते. नमुना स्वतः घेऊन जाऊ नका, तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या फोन क्रमांकावर कळवा.

अशा वेळी लोक दोन गोष्टी करतात, आणि दोन्ही साथ पसरवतात: उरलेली डुकरं घाईनं विकतात आणि मेलेली नाल्यात टाकतात. कृपा करून असं करू नका. रोग निश्चित झाल्यावर १ किलोमीटरचा परिसर बाधित आणि १० किलोमीटरचा परिसर निगराणीचा धरला जातो. नुकसानभरपाई सरकारनं ठार केलेल्या जनावरांची असते, त्यामुळे लवकर कळवण्यात तुमचाही फायदा आहे. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

लसी कोणत्या?

साध्या स्वाइन फीव्हरची लस, दोन ते तीन महिन्यांच्या वयात. लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी. बाकीचं वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांशी ठरवा. लस बर्फातच आणा.

रोज सकाळी काय बघायचं?

खाद्य टाकल्यावर पहिली पाच मिनिटं तिथून हलू नका. कोण उठलं नाही, कोण उठलं पण गव्हाणीशी आलं नाही, हे तेव्हाच दिसतं. त्यानंतर शेण, शेपटी, श्वास आणि कातडी बघा. कान हलवत भिंतीला अंग घासत असेल तर खरूज समजा. शंका आली की ताप मोजा, १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास ठीक. आणि औषध दिल्यावर त्याचा अंश मांसातून जाण्यासाठी ठरलेले दिवस संपेपर्यंत ते जनावर विकू नका. ते कुणाच्या तरी ताटात जाणार आहे.

स्वाइन फ्लू डुकरापासूनच होतो ना?

२००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची मोठी दहशत होती. मास्क, नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा, बंद शाळा लोकांना अजून आठवतात. ती साथ माणसाकडून माणसाला पसरली, डुकराचं मांस खाऊन नाही. नावामुळे मात्र वराहपालकांचं नुकसान झालं.

ज्याची खरोखर काळजी घ्यायची ते वेगळंच आहे. एक, पट्टकृमी: माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी डुकराच्या पोटात आणि अन्न-पाण्यातून पुन्हा माणसाच्या पोटात जातात, आणि मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकतात. शेडजवळ शौचालय असलंच पाहिजे आणि डुकरं मोकाट सोडू नयेत. दोन, जपानी मेंदूज्वर: डासांमार्फत पसरतो आणि विषाणू डुकराच्या अंगात वाढतो. शेडभोवती डबकं साचू देऊ नका.

गावाचा विरोध होतो. जागा कशी निवडावी?

विरोधाला कारण असतं, ते आधी मान्य करा. वस्ती, विहीर, शाळा, देऊळ, मशीद यांपासून लांब जागा घ्या, वाऱ्याची दिशा बघा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घ्या. सांडपाणी ओढ्यात सोडू नका. बायोगॅस किंवा बंद खड्डा करा. कुजवलेलं खत उसाला आणि फळबागेला फार चांगलं. कच्चं खत भाजीला घालू नका. वास कमी झाला की बोलणं सोपं होतं. आणि या कामावरून कुणाच्या जातीचा उद्धार करणाऱ्यांना स्पष्ट उत्तर द्या: हे अन्न पिकवण्याचं काम आहे, इतर पशुपालनाइतकंच मानाचं.

बिबट्या आणि रानडुकरांचं काय?

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या रोजचाच विषय आहे. रात्री शेड चारी बाजूंनी आणि वरूनही जाळीनं बंद हवं, ऊस शेडच्या भिंतीपर्यंत लावू नये. रानडुक्कर पकडून पाळता येत नाही, तो गुन्हा आहे. त्यांच्यापासून रोगही येतो, म्हणून दुहेरी कुंपण घाला.

अनुदान मिळतं का?

राष्ट्रीय पशुधन अभियानात वराह प्रजनन प्रकल्पासाठी ५० टक्के भांडवली अनुदान आहे, कमाल ३० लाखांपर्यंत. अर्ज ऑनलाइन होतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. विमा घेताना कोणते रोग वगळले आहेत ते वाचूनच सही करा.

विक्री कुठे होते?

पुण्यात गोव्याचे, केरळचे, ईशान्य भारतातले लोक मोठ्या संख्येनं राहतात. कॅम्प, खडकी भागातले विक्रेते आणि हॉटेलं माल घेतात. ९० ते १०० किलोचं, सात-आठ महिन्यांचं जनावर विका. त्यापुढे खाद्य जास्त आणि चरबी जास्त. वजन आपल्या काट्यावर करा. व्यापाऱ्याची गाडी गेटबाहेरच थांबवा, ती सकाळपासून चार शेडवर फिरून आलेली असते.

घरात लग्न आहे, चार दिवस बाहेर जायचंय. शेड कुणावर सोडू?

या धंद्यातली खरी अडचण ही आहे, आणि ती घरातल्या बायकांच्या वाट्याला सर्वात जास्त येते. लग्नं, जत्रा, पंढरीची वारी, दिवाळी, प्रत्येक वेळी कुणीतरी मागे राहतं. ते नेहमी एकाच माणसानं राहू नये, आळीपाळी ठरवा. बदली माणूस आधीच दोन-तीन वेळा सोबत घेऊन काम दाखवा, आणि तो दुसऱ्या वराहपालकाचा गडी नको. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: कोणत्या कप्प्यात किती खाद्य, टाकी कधी भरायची, कोणती मादी कोणत्या तारखेला विणार, डॉक्टरांचा फोन. विण्याची तारीख त्या चार दिवसांत येत असेल तर घरातला एक जण थांबलाच पाहिजे.